परकीय भाषा अशी का शिकवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात मी गेली बावीस वर्षं जर्मन शिकवते. नवी बॅच सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात ठरावीक प्रश्न येतात. विद्यार्थी विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात आणि हल्ली नव्याने शिकवायला लागलेली मुलंही विचारतात. 'आधी व्याकरण का नाही?', 'मराठीत सांगा ना', 'चूक झाली तर थांबवत का नाही?' या सगळ्याची उत्तरं एका मूळ प्रश्नापाशी जातात: माणूस शिकतो तरी कसा? त्याबद्दलचे विचार गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले आणि प्रत्येक वेळी वर्गाचं रूपही बदललं. उदाहरणं बहुतेक जर्मनची आहेत, कारण ती मला जवळची. जपानी किंवा फ्रेंच शिकणाऱ्यांना त्यांत आपल्या वर्गातल्या गोष्टी सापडतील.

सिद्धान्तांचा वर्गाशी काय संबंध? चांगला शिक्षक असला की पुरे नाही का?

चांगला शिक्षकही काहीतरी गृहीत धरूनच फळ्यापाशी उभा राहतो. एकजण 'डेर, डी, डास' या जर्मन लिंगदर्शक शब्दांचा तक्ता लिहितो आणि उद्या पाठ करून या म्हणतो. त्याच्या लेखी शिकणं म्हणजे नियम लक्षात ठेवणं. दुसरी एकच वाक्य अख्ख्या वर्गाकडून वीसदा म्हणून घेते. तिच्या लेखी शिकणं म्हणजे सवय. तिसरा दोघांना समोरासमोर बसवतो, एकाला घरमालक करतो, दुसऱ्याला भाडेकरू, आणि भाडं ठरवा म्हणतो. भाषा वापरता वापरताच येते, असं त्याला वाटतं.

तिघंही मेहनती असतील. पण सहा महिन्यांनी विद्यार्थ्याला काय जमेल, ते या गृहीतावर ठरतं. आपण काय गृहीत धरलंय हे ज्याला माहीत नाही, तो शिक्षक एकच औषध सगळ्यांना देत राहतो. गुण आला नाही की म्हणतो, 'याला भाषेचं अंगच नाही.' हे वाक्य ऐकून भाषा कायमची सोडलेली माणसं मला भेटली आहेत. त्यांतली काही नंतर दुसरीकडे उत्तम शिकली.

आम्ही शाळेत भाषांतर करून इंग्रजी शिकलो. ती पद्धत चुकीची होती का?

चुकीची नव्हती, तिचं उद्दिष्ट वेगळं होतं. नियम, शब्दांची यादी आणि खाली दोन्ही बाजूंनी भाषांतराची वाक्यं ही रचना युरोपात लॅटिन-ग्रीक शिकवण्यातून आली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून प्रशियाच्या शाळांमध्ये आधुनिक भाषांसाठीही रुळली. व्याकरणाने बुद्धीला शिस्त लागते, मन घासूनपुसून तल्लख होतं, अशी त्यामागची समजूत होती. आपल्याकडे ही पद्धत घरोघरी पोहोचली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांमुळे. त्यावर पोसलेल्या पिढीचं इंग्रजी वाचन आणि लेखन आजही भक्कम दिसतं. त्याच पिढीतले अनेकजण फोनवर इंग्रजी बोलायची वेळ आली की अडखळायचे, हेही आपण घरात पाहिलंय.

जर्मनीत या पद्धतीविरुद्ध मोठा आवाज १८८२ मध्ये उठला. व्हिल्हेल्म फीटर या भाषातज्ज्ञाने भाषाशिक्षणाने आता उलट दिशेला वळलं पाहिजे, असं सांगणारी पुस्तिका काढली. आधी बोलणं, आधी उच्चार, सुटी वाक्यं सोडून सलग मजकूर, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच सुमारास अमेरिकेत बर्लिट्झने मातृभाषेचा एक शब्दही न वापरता शिकवणाऱ्या शाळा सुरू केल्या. लंबक एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला गेला. या विषयाच्या इतिहासात असं पुन्हा पुन्हा घडलंय.

रोज शंभर वेळा म्हटलं की आपोआप येईल, असं आजोबा म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. आजोबांचं म्हणणं मानसशास्त्रात 'वर्तनवाद' म्हणून ओळखलं जातं. खूण दिसली, प्रतिसाद दिला, शाबासकी मिळाली आणि सवय लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला थोड्या काळात परकीय भाषा बोलणारी माणसं हवी होती. तेव्हा लहान तुकड्या करून, दिवसभर तोंडी सराव घेऊन सैनिकांना तयार केलं गेलं. त्याच दशकात मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्रीझ यांनी त्याच धाटणीच्या सरावाला शास्त्रीय बैठक दिली. १९५७ मध्ये रशियाचा स्पुतनिक उडाला, अमेरिका हादरली आणि पुढच्याच वर्षी तिथे कायदा करून शाळांना भाषा-प्रयोगशाळांसाठी पैसा मिळाला. हेडफोन लावायचा, टेपवरचं वाक्य म्हणायचं, एक शब्द बदलून पुन्हा म्हणायचं.

१९५७ मध्येच मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी भाषा हीदेखील एक वर्तणूक आहे, असं सविस्तर मांडलं. १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्की यांनी त्यावर कडाडून टीका केली. कधीही न ऐकलेलं वाक्य लहान मूल सहज बोलतं, ते कोणत्या सवयीतून आलं, असा त्यांचा रोख होता. त्या टीकेनंतर वर्तनवादाचा पाया खचला तो खचलाच.

तरीही माझ्या वर्गात घोकणं आहे, पण फक्त जिभेसाठी. एक उदाहरण देते. जर्मनमध्ये 'वेळ'ला 'त्साइट' म्हणतात. हा 'त्स' अनेक इंग्रजी-हिंदी भाषकांना जड जातो. मराठी माणसाला तो येतोच, त्याला फक्त ठाऊक नसतं. मी फळ्यावर 'चार' आणि 'चाक' लिहिते आणि दोन्ही मोठ्याने वाचायला सांगते. वर्ग दोनदा वाचतो, मग कोणीतरी म्हणतं, 'अरे, च वेगळा आहे!' चाकातला तो च म्हणजेच जर्मन 'त्साइट'ची सुरुवात. मग दहा शब्द, प्रत्येकी पाच वेळा. अशी घोकंपट्टी मला मनापासून आवडते, कारण काय घोकतोय ते प्रत्येकाला कळलेलं असतं.

मराठीचा अडथळा होतो का? वर्गात मराठी बोलू द्यावी का?

१९५७ मध्ये रॉबर्ट लॅडो यांनी मांडलं की मातृभाषा आणि नवी भाषा जिथे सारख्या तिथे सोपं, वेगळ्या तिथे अवघड. म्हणून दोन्हींची तुलना करून चुका आधीच ओळखाव्यात. पुढे दिसलं की अंदाज दरवेळी बरोबर येत नाही. काही चुका तुलनेत दिसतच नाहीत आणि भाकीत केलेल्या काही होतच नाहीत. त्यामुळे ही कल्पना मागे पडली आणि 'वर्गात फक्त जर्मन'चा दंडक जोरात आला.

माझ्या मते आपण इथे मोठं नुकसान करून घेतलं. पुण्यातली मुलं जर्मन शिकतात ती बहुधा इंग्रजीच्या खिडकीतून. पुस्तकं तशी, यूट्यूब तसंच. मग 'मला थंडी वाजते'साठी जर्मन 'मिअर इस्ट काल्ट' म्हणतात, तेव्हा मुलं गोंधळतात. 'मी' कुठे गेला? इंग्रजीत तर 'आय' असतो! मराठीकडे वळून पाहिलं तर कोडं उरतच नाही. 'मला' म्हणजे 'मिअर'. 'मला पुस्तक आवडतं' म्हणजे 'मिअर गेफेल्ट डास बुख'. आवडण्याचा कर्ता पुस्तक, मी नव्हे, हे आपण जन्मापासून बोलतोय.

लिंगांचंही तसंच. चमचा 'डेर', काटा 'डी', सुरी 'डास' हे ऐकून इंग्रजी माध्यमातली मुलं विचारतात, 'यात लॉजिक काय?' मी विचारते, 'तो दरवाजा' आणि 'ते दार' यात काय लॉजिक आहे? वस्तू तीच, लिंग बदललं. म्हणजे लिंग वस्तूचं नसून शब्दाचं असतं. या एका वाक्याने जे पटतं ते तीन तक्त्यांनी पटत नाही. 'तू' आणि 'तुम्ही'चा फरक, गौण वाक्यात शेवटी जाणारं क्रियापद, यांतही मराठीचा आधार मिळतो. जपानी शिकणाऱ्यांना तर शब्दक्रम जवळजवळ फुकट मिळतो. 'वाताशी वा रिंगो ओ ताबेरु' म्हणजे 'मी सफरचंद खाते', त्याच क्रमाने, आणि त्यांचे 'वा', 'ओ', 'नी' आपल्या विभक्तीप्रत्ययांसारखे शब्दामागे लागतात.

आता संशोधनाचं वारंही पुन्हा या बाजूला वळलंय. विद्यार्थ्याला येणाऱ्या सगळ्या भाषा हा त्याचा साठा आहे, तो बाहेर ठेवून वर्गात या म्हणू नये, असं बरेच अभ्यासक आज मानतात. वर्गाचा बहुतेक वेळ जर्मनमध्येच जावा, याबद्दल मी ठाम आहे. पण दोन मिनिटांच्या मराठीने वीस मिनिटांचा गोंधळ वाचत असेल, तर ती दोन मिनिटं मी देते.

चूक झाली की लगेच दुरुस्त का करत नाही? सवय लागेल ना!

पालकांचा हा सर्वांत आवडता प्रश्न, आणि तो वर्तनवादातूनच आलेला आहे. चूक म्हणजे वाईट सवय, म्हणून ती मुळातच खुडायची. १९६७ मध्ये पिट कॉर्डर यांनी ही नजर बदलली. त्यांच्या मते चूक हा पुरावा असतो. डोक्यात आत्ता कोणता नियम चालू आहे, ते ती दाखवते. आपलं लहान मूल 'मी केलं'ऐवजी 'मी करलं' म्हणतं. हे त्याने कोणाकडूनही ऐकलेलं नसतं. बसलं, धरलं, मारलं यांवरून त्याने नियम स्वतः बांधला आणि तो एका अपवादावर अडला. जर्मनीतली मुलं 'गेगांगेन' (म्हणजे 'गेलेलं') याऐवजी 'गेगेट' म्हणतात, आणि माझे तिशीतले विद्यार्थीही तेच म्हणतात. मला ते ऐकून बरं वाटतं, कारण नियम पोहोचल्याची ती खूण आहे.

१९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी विद्यार्थ्याच्या या मधल्या भाषेला नाव दिलं. ती मराठी नाही, पूर्ण जर्मनही नाही, पण तिला स्वतःचे नियम आहेत. तिच्यातल्या काही चुका कायमच्या गोठून जातात, हेही त्यांनीच दाखवलं. त्यामुळे 'काहीच दुरुस्त करू नका' हे टोकही बरोबर नाही.

मग दुरुस्त कसं करायचं? विद्यार्थ्याला म्हणायचं असतं 'आज मी सिनेमाला जातो', आणि तो म्हणतो, 'हॉयटे इश गेहे इन्स किनो.' जर्मनमध्ये क्रियापद ('गेहे') दुसऱ्या जागी हवं. शिक्षक नकळत बरोबर वाक्य म्हणतो, 'हॉयटे गेहे इश इन्स किनो, छान!' आणि पुढे जातो. विद्यार्थ्याला वाटतं, सिनेमाला जाण्याचं कौतुक झालं. कॅनडातल्या फ्रेंच वर्गांचा एक अभ्यास १९९७ मध्ये रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी प्रसिद्ध केला. तिथले शिक्षक निम्म्याहून अधिक वेळा असंच करत होते आणि विद्यार्थ्यांकडून सर्वांत कमी प्रतिसाद याच प्रकाराला येत होता. नुसतं 'पुन्हा म्हण?' किंवा 'क्रियापद कितव्या जागी?' असं विचारलं की विद्यार्थी स्वतःच वाक्य वळवतो. मी बोटं वापरते. तर्जनी म्हणजे पहिली जागा, मधलं बोट म्हणजे दुसरी, आणि मधल्या बोटावर टकटक. महिनाभरात वर्गाला शब्दाची गरज उरत नाही, बोट हललं की वाक्य सुधारतं.

आणि कोणी आपल्या वडिलांच्या आजारपणाबद्दल सांगत असेल, तर मी काहीही दुरुस्त करत नाही. ते मी वहीत लिहून ठेवते आणि पुढच्या तासाला नाव न घेता फळ्यावर मांडते.

व्याकरण न शिकता, नुसतं ऐकून-पाहून भाषा येते का? मालिका पाहून माझी मैत्रीण कोरियन शिकली.

स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या सुमारास हाच मुद्दा जोरात मांडला. आत्ता येतं त्याहून एक पायरी वरचं, पण समजेल असं भरपूर कानावर पडलं की भाषा आपसूक मुरते, नियम शिकून बोलणं सुधारत नाही. हा विचार लोकप्रिय झाला तो त्यात मोठं तथ्य असल्यामुळे. समजणारं ऐकणं-वाचणं नसेल तर कोणतीही पद्धत चालत नाही.

पण एक मोठा अनुभव विरुद्ध बाजूला आहे. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहाने मुलांचं शिक्षण सरळ फ्रेंचमधून सुरू झालं. पुढे हे लोण कॅनडाभर पसरलं. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास फ्रेंच ऐकूनही या मुलांच्या बोलण्यात व्याकरणाच्या ठरावीक चुका राहिल्या, समजणं मात्र अतिशय चांगलं होतं. मेरिल स्वेन यांनी त्यातून १९८५ मध्ये निष्कर्ष काढला की ऐकणं पुरत नाही, बोलायला भाग पडावं लागतं. बोलताना अडलं की आपल्याला काय येत नाही ते कळतं. रिचर्ड श्मिट यांचा अनुभवही बोलका आहे. ते ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकत होते आणि रोजनिशी ठेवत होते. कानावर सतत पडणारी रूपंही, ती आहेत हे लक्षात येईपर्यंत त्यांच्या बोलण्यात उतरली नाहीत. म्हणून मजकुरातली एखादी गोष्ट बोट ठेवून दाखवणं, हे शिक्षकाचं काम उरतंच.

तुमच्या मैत्रिणीला मालिका बघताना कोरियन समजत असेल, तर ती फार मोठी कमाई आहे. तिला आता बोलायला कोणीतरी हवं.

ए-वन, बी-टू या पातळ्या कुठून आल्या?

१९७०च्या दशकात पश्चिम युरोपात माणसं कामासाठी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागली होती. कोणाला किती भाषा येते, हे सांगायला समान माप नव्हतं. त्याच काळात डेल हाइम्स यांनी दाखवून दिलं होतं की वाक्य व्याकरणशुद्ध असणं पुरेसं नाही. कोणाशी, कुठे, काय बोलावं, याचं भानही भाषेच्या ज्ञानातच येतं. या दोन्हींतून युरोप परिषदेने १९७५ मध्ये इंग्रजीसाठी एक किमान पातळी आखली. धडे 'भूतकाळ', 'कर्मणी प्रयोग' असे न ठेवता 'पत्ता विचारणं', 'नकार देणं', 'माफी मागणं' असे मांडले. तिचा विस्तार होत २००१ मध्ये आजची सहा पातळ्यांची चौकट आली, ए-वनपासून सी-टूपर्यंत. प्रत्येक पातळीचं वर्णन 'अमुक करू शकतो' असं आहे.

हे महाराष्ट्राला आता थेट लागू होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, आणि परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी माणसं जर्मन शिकायला येऊ लागली. परिचारिकेला सहसा बी-टू लागतं. 'कुठे दुखतंय, कधीपासून, आधीपेक्षा जास्त की कमी' हे विचारता येणं आणि घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला धीर देता येणं म्हणजे तिचं बी-टू. नुसते पेपर सोडवून मिळवलेलं बी-टू वॉर्डमध्ये उघडं पडतं, आणि त्याचा त्रास तिला आणि पेशंटला होतो. अशा बॅचमध्ये मी अर्धा वेळ नुसती संभाषणं घेते.

गटात बसवून कोडी सोडवायला लावतात. फी भरतो ती यासाठी का?

हो, आणि या पद्धतीची एक मोठी चाचणी आपल्याच देशात झाली. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. तो जगभर 'बंगळूर प्रकल्प' म्हणून ओळखला जातो. वर्ग मोठे, साधनं म्हणजे खडू-फळा. व्याकरणाचे धडे नाहीत. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक ठेवायचं आणि विचारायचं, अमुक गाडीने निघालं तर केव्हा पोहोचाल? नकाशा द्यायचा आणि वाट शोधायला लावायची. आधी शिक्षक अख्ख्या वर्गाबरोबर तसाच एक प्रश्न सोडवून दाखवायचा, मग मुलं दुसरा स्वतः सोडवायची. मन अर्थामध्ये गुंतलेलं असताना व्याकरण नकळत घडतं, हा प्रभूंचा विश्वास. आज जगभरच्या पुस्तकांत 'टास्क' असतात, त्यांच्या मुळाशी जी मोजकी नावं आहेत त्यांत हे एक आहे. आपल्याकडे ते फारसं कोणाला माहीत नाही, याची मला खंत वाटते.

एक बारकावा मात्र सांगायला हवा. प्रभूंना गटकाम फारसं पसंत नव्हतं, मुलं एकमेकांच्या चुका उचलतील असं त्यांना वाटायचं. गटकामाची बाजू भक्कम झाली ती रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगोट्स्कींच्या विचारांनी. त्यांचं निधन १९३४ मध्ये झालं, पण पश्चिमेत ते गाजले १९७८ नंतर. मुलाला एकट्याने जे जमतं आणि जाणत्याचा हात धरून जे जमतं, त्या दोन्हींमधल्या जागेत शिकणं घडतं, असं ते सांगतात. परवा वर्गात एकीला 'तिकीट रद्द करणं' हा शब्द सुचेना. शेजारच्याने क्रियापदाचा मूळ भाग दिला, समोरच्याने उपसर्ग, तिने जोडून वाक्य केलं. तिघांपैकी कोणालाही ते एकट्याने आलं नसतं.

वय चाळीसच्या पुढे आहे. जमेल का?

जमेल. लहान वयाचा फायदा मुख्यतः उच्चारात आणि फार लांब पल्ल्यात दिसतो. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा एक अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या काही महिन्यांत किशोरवयीन आणि प्रौढ लहान मुलांपेक्षा भराभर शिकले, मुलांनी त्यांना नंतर गाठलं. चाळिशीतल्या माणसाला नियम समजतो, जग माहीत असतं, शिकायचं कारण स्पष्ट असतं. वेळ काढणं तेवढं त्याच्या हातात.

शब्द पाठ होतात आणि आठवड्यात उडून जातात. काय करू?

हा प्रश्न सर्वांत जुना आणि याचं उत्तर सर्वांत पक्कं आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून आपली विस्मृती मोजली आणि १८८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. आणि सरावात अंतर ठेवलं तर कमी श्रमात जास्त टिकतं. दुसरी गोष्ट २००६ मधल्या एका प्रयोगात स्वच्छ दिसली. एका गटाने मजकूर पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. आपण वाचताना 'येतंय की!' असं वाटतं ते त्या पाच मिनिटांमुळे.

करायचं असं. बुटाचं रिकामं खोकं घ्या, पुठ्ठ्याने पाच कप्पे करा. एका चिठ्ठीवर मराठी, मागे जर्मन, आर्टिकल आणि अनेकवचनासह. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. आठवलं तर पुढच्या कप्प्यात, नाही तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, पुढचे आणखी लांबवत. सेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने ही पेटी १९७०च्या दशकात प्रसिद्ध केली, आणि फोनवरची बरीच कार्डं-अ‍ॅप हेच तत्त्व वापरतात. मी खोकंच सुचवते. हाताने लिहिताना शब्द एकदा डोक्यातून जातो आणि भरत जाणारा पाचवा कप्पा डोळ्यांना दिसतो. माझी एक विद्यार्थिनी स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी ते ठेवायची. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत पहिला कप्पा संपवायचा, असा तिचा नेम होता.

मी 'व्हिज्युअल लर्नर' आहे. माझ्यासाठी वेगळं शिकवाल का?

नाही. आवडीनिवडी असतात, पण शैलीनुसार शिकवल्याने जास्त येतं, याचा भक्कम पुरावा २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी केलेल्या मोठ्या आढाव्यात मिळाला नाही. उच्चार शिकायला कान लागतो आणि लिपी शिकायला डोळा, तुमची शैली कोणतीही असो.

सगळं समजतं, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही.

हे मी फार वेळा पाहिलंय, आणि यात तुमची चूक नाही. क्रॅशन म्हणायचे की भीती आणि कंटाळा मनावर पडद्यासारखे येतात, मग कानावर पडलेलं आत पोहोचत नाही. बल्गेरियाच्या लोझानोव्ह यांनी तर आरामखुर्च्या आणि संथ संगीत लावून वर्ग घेतले. त्यांचे दावे टिकले नाहीत, पण वर्गातली भीती हा अभ्यासाचा विषय आहे, हे मान्य झालं.

आपल्याकडे या भीतीला एक खास मूळ आहे. इंग्रजी चुकलं म्हणून शाळेत हसलेला वर्ग. गावाकडून पुण्यात आलेला मुलगा तो वर्ग मनात घेऊनच जर्मनला बसतो. त्याला मी पहिल्याच तासाला सांगते, इथे सगळे शून्यावर आहेत. कॉन्व्हेंटमधून आलेलीलाही 'इश हाइसे' (माझं नाव) आजच कळलंय. उलट चाकातला 'च' तुझ्या जिभेवर जास्त पक्का आहे. त्याचे खांदे सैल होतात ते दिसतं. मग पहिले तीन आठवडे एकट्याने उभं राहून बोलायचं नाही, आधी जोडीत, मग चौघांत. प्रश्न विचारल्यावर मी मनात पाचपर्यंत मोजते. ती पाच सेकंदं शिक्षकाला फार लांब वाटतात, पण उत्तर बहुतेक वेळा चौथ्या सेकंदाला येतं.

अ‍ॅपवर शिकलं तर क्लास लागेल का?

बरीच अ‍ॅप म्हणजे खिशातली भाषा-प्रयोगशाळा. छोटा प्रश्न, लगेच निकाल, शाबासकीचा आवाज. शब्द आणि ठरावीक वाक्यांसाठी ती चांगली, रोज दहा मिनिटं जरूर वापरा. आताच्या बोलक्या एआयशी संभाषणाचा सरावही होतो, लाजाळू माणसाला तो उपयोगी पडतो. पण तुमचं बोलणं समोरच्याला कळलं नाही, त्याच्या कपाळावर आठी आली आणि तुम्ही वाक्य बदलून पुन्हा सांगितलंत, या धडपडीत जे शिकणं होतं त्याला माणूसच लागतो.

मी नवी शिक्षिका आहे. यांतला कोणता सिद्धान्त धरू?

एकच धरू नका. प्रभूंनीच १९९० मध्ये लिहिलं की सर्वोत्तम पद्धत अशी काही नसते, शिक्षकाला स्वतःला काय पटतं आणि ते पटणं किती जिवंत आहे, हे महत्त्वाचं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक कुमारवडिवेलू यांनी पुढे जाऊन म्हटलं की बाहेरून आलेली पद्धत जशीच्या तशी लादण्यापेक्षा शिक्षकाने आपल्या वर्गाच्या परिस्थितीतून आपली रीत घडवावी. हे दोघेही भारतातल्या वर्गांतून आलेले आहेत, हा योगायोग मला वाटत नाही.

माझा दीड तासाचा तास असा असतो. पहिली दहा मिनिटं वही बंद, मागच्या वेळचं आठवून लिहायचं. मग एक ऐकण्याचा तुकडा दोनदा, आधी नुसता अर्थासाठी. त्यातलं एकच रूप हेरायचं आणि नियम त्यांनी सांगायचा, गरज पडली तर मराठीत. पाच मिनिटं खणखणीत घोकणं. मग अर्धा तास काहीतरी खरोखर ठरवायचं, सहलीचं, भाड्याचं किंवा वाढदिवसाचं. मी फिरत वहीत चुका टिपते. शेवटी त्यांतल्या तीन फळ्यावर, तीनच.

क्लास निवडताना काय पाहावं?

एक डेमो तास मागा आणि मागच्या बाकावर बसा. हातात घड्याळ ठेवा. शिक्षक किती मिनिटं बोलतो आणि विद्यार्थी किती, हे मोजा. कोणी चुकलं की त्याच्या तोंडाकडे पाहा, तो पुढचं वाक्य बोलतो की गप्प होतो. तास संपल्यावर बाहेर येणाऱ्यांच्या तोंडी एखादा जर्मन शब्द ऐकू येतो का, पार्किंगमध्ये गाडी काढताना सुद्धा, तेही ऐका. फी किती आणि पुस्तक कोणतं, ते त्यानंतर विचारा.